सरांचा बेस

दुकानात बेस गिटार हातात आली, की सर तिच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर हनुवटी टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सर्वांत जाड तार एकदाच छेडायचे. वायर जोडायला निघालेल्या दुकानदाराला हातानेच थांबवायचे. "पहिले लाकूड बोलू दे."

बघणाऱ्याला वाटे, काय ही साधना. तुम्हालाही वाटलं असतं. खरी गोष्ट अशी की सरांचे दोन्ही कान मंदावले होते आणि हाडातून येईल तेवढंच ऐकू येत होतं.

सर काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्याचे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य. सरांनी मात्र शाळेत गणित शिकवलं आणि संध्याकाळी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. घरच्यांनी गणित माफ केलं.

मी बँकेच्या बदलीने काशीत आलेला. माझी मुलगी इथेच शाळा संपवून कॉलेजात गेली, तरी सरांच्या लेखी मी 'कालचा'. त्यांचे पूर्वज पेशवाईत आले होते. त्या हिशोबाने ते बरोबरच होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत सर बेस वाजवायचे आणि मी शेजारी बसून गिटार. बसायचं ठिकाण तेवढं सारखं होतं.

कानात यंत्र घातलं की त्यांना समोरच्या रांगेतल्या बांगड्या ऐकू येत, खर्ज मात्र गायब. हे त्यांच्या घरी ठाऊक होतं आणि मला. मंडळाला कळलं असतं, तर मंडळाने सत्कार केला असता. माणसाला मंचावरून उठवण्याचा इतका सभ्य मार्ग दुसरा नाही. सरांना तेवढंच भय होतं. "शाल आली की समजावं, जागा गेली."

अशात त्यांच्या जुन्या बेसची मान वाकली. मंडळाचे अध्यक्ष ठेकेदार होते; त्यांनी नवी भेट देण्याची घोषणा केली. पाच तारांची, निळी, चकचकीत. "सर, मंचावर दिसली पाहिजे."

"दिसायला गणपती आहे ना," सर म्हणाले, आणि निवड आपल्याकडे घेतली.

मी सोबत गेलो. दुकानदाराने निळी काढलीच. "सर, हल्का है, कंधा नहीं दुखेगा."

"कंधा मेरा है भैया, दुखने दो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बघा, कालचे. ज्याची बोटं दौडतात त्याने हलकी घ्यावी, बारीक मानेची. जो अंगठ्याने ठोकतो त्याला कोऱ्या, झणझणीत तारा पाहिजेत. मी एका सुरावर ठाण मांडणारा माणूस. मला वजनी लाकूड द्या आणि चपट्या तारा. पाचवी तार काय करू? चारातली दीडच तर वाजवतो."

"आणि ऐकू कसं येणार?" मी हळूच विचारलं. ते पुन्हा मोठ्याने विचारावं लागलं.

"फासळ्या आहेत की," म्हणून त्यांनी कोपऱ्यातली एक तपकिरी, पोचे आलेली, भली जड बेस छातीशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. तीच घेतली.

अध्यक्ष हिरमुसले. "सर, हे तर जुनं कपाट वाटतं."

त्या वर्षी प्रमुख पाहुणे उशिरा आले, आणि भजन चालू असतानाच अध्यक्ष हार घेऊन मंचावर चढले. त्यांच्या पायात सरांची वायर अडकली आणि निघून आली. खर्ज गेला. सर वाजवतच होते.

मी उठून वायर लावली असती, तर स्पीकरमधून मोठा धडाका झाला असता आणि सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. मी बसून राहिलो. पुढची सगळी कडवी सरांच्या डाव्या हाताकडे बघत काढली. समेवर तबल्याची थाप आणि त्यांचं बोट एकदमच पडत होतं.

भजन संपल्यावर अध्यक्ष मान डोलवत आले. "वाह सर, आज काय गोड लागला बेस."

सर हसले. सामान आवरताना त्यांना जमिनीवर पडलेलं वायरचं टोक दिसलं. ते उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"केव्हापासून?"

"हार आला तेव्हापासून," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

"लय सुटली?"

"नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही, सर."

त्यांनी वायरचं वेटोळं केलं आणि पिशवीत घातलं. "मग पुढच्या साली बसतो."

पुढच्या साली बसले. त्याच्या पुढच्या साली गणपती यायच्या आधीच गेले. शाल काही त्यांच्या अंगावर पडली नाही. आता अध्यक्षांचा पुतण्या दुकानातली ती निळी वाजवतो, उभा राहून. चांगला वाजवतो. मांडववाले मात्र दर वर्षी माझ्या शेजारी दुसरी खुर्ची टाकतातच. नको म्हणून त्यांना कोणी सांगितलेलं नाही, मीही नाही. कार्यक्रम सुरू झाला, की अध्यक्ष तिच्यावर पाहुण्यांचे नारळ ठेवतात.