संपृक्त

धुळ्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आबांनी माझी बॅग स्वतः वर चढवली आणि मी खिडकीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "जा भाऊ, पन येत ऱ्हायजो." वडिलांच्या तोंडून याहून लांब वाक्य मी फारसं ऐकलेलं नाही. जळगावला मेहरूणमध्ये खोली करून एम.एस्सी. झालो होतो, इंग्लंडात रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. दोन-तीन वर्षं काढायची आणि परतायचं, असं सगळेच धरून चाललो होतो. आता इथं बर्मिंगहॅममध्ये माझ्या पोराला मिसरूड फुटलंय.

दिवसा लॅबमध्ये रंग तपासतो आणि आठवड्यातून एका संध्याकाळी लायब्ररीत नव्यानं आलेल्यांना कामापुरतं इंग्रजी शिकवतो. परवाचा शब्द होता सॅच्युरेटेड. शाळेत आपण 'संपृक्त द्रावण' म्हणून घोकला, तोच. ग्लासभर पाण्यात साखर घालून ढवळत राहिलो. विरघळेनाशी झाली, तळाशी बसली. म्हटलं, हा पुस्तकातला अर्थ. पण बाजारही सॅच्युरेटेड होतो, तेव्हा नवा माल खपत नाही. माणूसही होतो, मग त्याच्यात काहीच मुरत नाही.

सुदानहून आलेल्या मरियमनं विचारलं, "सर, मग उपाय काय?"

"पाणी वाढवा, नाहीतर साखर थांबवा," मी म्हणालो. तिनं लिहून घेतलं.

शनिवारी मायचा फोन आला. माय काही ताकाला जाऊन भांडं लपवणारी नव्हे. "कानबाई उनी भाऊ. येशी का? नहीते तुनी मूठ टाकू का नको, तेवढं सांग."

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्या तुम्हाला हे सांगायला नको. पण जे माझ्यासारखे निघाले, त्यांची पोरं विचारतील म्हणून लिहितो. श्रावणात आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे. तो सुरतेत असो की विलायतेत, त्याची मूठ पडलीच पाहिजे. आणि ते गोड रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, उरवायचे नाहीत.

पूर्वी ओट्यावर पंगत बसायची आणि रोट कमी पडायचे. आता माझा भाऊ सुरतेत, त्याची पोरं तिकडेच, मी आणि माझा पोरगा इथं. मुठी सगळ्यांच्या पडतात, खायला मात्र दोन म्हातारी माणसं. आबांना शुगर. गेल्या वर्षी कानबाईचं उरवू नये म्हणून ते शिळे रोट दुधात कुस्करून खात राहिले आणि शेवटी दवाखान्यात गेले.

"बठ्ठासना रोट आम्ही दोनच जन कितला दिन खासूत?" माय म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

यंदाही रजा नाही. 'पुढच्या वर्षी नक्की' हे इतक्यांदा म्हणून झालंय, की आता बोलताना माझं मलाच खोटं वाटतं. मी थकलोय, खरंच. इथल्या कामानं नाही, तिथं नसण्यानं. त्या क्षणी आबांची तब्येत डोळ्यासमोर होती, म्हणून मन घट्ट करून म्हणालो, "नको टाकू माय. माझी मूठ यंदा नको."

फोन कटला की काय, म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

मग म्हणाली, "मूठ ऱ्हाऊ दे मंग. सव्वामधलं वरनं पाव मूठ तितलं टाकस मी. तितलं तुना आबा खाई लेतीन."

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं तर मी अजून धुळ्याचंच नाव सांगतो. तिथं माझं आता पाव मूठ उरलंय, आणि तेही आबांनी पथ्य मोडून खायचं.