आत्यासारखं कलिंगड

आमच्या क्लबातल्या बारवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. समोरच्याचा चेहरा बघून पेला भरायची सवय, म्हणून. औषध लागू पडतं. मी तीस वर्षांचा पेशंट आहे, मला विचारा.

गेल्या वर्षी डॉक्टरलाच ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. लिंबू चाटलं काय नि साबण चाटला काय, त्याला सारखंच. हे बाहेर फुटलं असतं तर नोकरी गेलीच. रमचं माप हाताला पाठ होतं. घात करायची ती ताजी फळं. रोज नव्या चवीची!

तेव्हा बायको धावून आली. बाईने उभ्या जन्मात दारूला तोंड लावलेलं नाही, पण रोज सकाळी घरी फळं कापायची, चाखायची, डबे भरायची आणि निकाल सांगायची. तोही नातेवाइकांच्या भाषेत.

"अहो, आजची द्राक्षं तुमच्या धाकट्या भावासारखी. आधी गोड, मग घशाला टोचतात."

"आणि अननस?"

"सासूबाईंसारखा. चिमूटभर मीठ टाका, नरम पडेल."

त्यावरून डॉक्टर साखर-लिंबाचा बेत ठरवायचा. वर्षभर कोणाला पत्ता लागला नाही. मला लागला होता, पण मी चक्क तोंड बंद ठेवलं. असं फारसं घडत नाही.

उन्हाळ्यात नव्या मॅनेजरबाई आल्या. म्हणाल्या, "शनिवारी कमिटीसमोर कलिंगडाचं कॉकटेल ठेवा. आवडलं तर बार तुमचा. नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

शनिवारी सकाळी बायकोने फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "अगदी माझ्या आत्यासारखं हो!"

डॉक्टरच्या अंगावर काटा आला. याच आत्याने भर लग्नात विचारलं होतं, "पोरीला दुसरा कोणी मिळाला नाही का?" त्याने पुदिना चुरला, लिंबू पिळलं, रम ओतली, बर्फ घातला आणि आत्याचा आंबटपणा मारायला दुप्पट पाक ओतला.

मॅनेजरबाईंनी एक घोट घेतला. "डॉक्टर, हे कॉकटेल आहे की खोकल्याचं औषध?"

बिचाऱ्याने तिथेच सगळं कबूल केलं. मी वर्तमानपत्रात तोंड लपवलं. बाईंनी त्याच्या घरी फोन लावायला सांगितलं, स्पीकरवर.

प्रकार ऐकताच बायको कडाडली, "पाक कशाला घातलात? आई गेल्यावर आत्याने वाढवलं मला. तिच्याइतकं गोड माणूस आहे का कुठे?"

"अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं तुम्हाला?"

डॉक्टरने पाकाची बाटली हळूच मागे सरकवली. हसून हसून मॅनेजरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुन्हा करा. पाकाशिवाय."

दुसरा जग कमिटीने तळापर्यंत रिकामा केला. बार डॉक्टरकडेच राहिला आणि फळं चाखायला बायकोची रीतसर नेमणूक झाली. आता ती बारपाशी उंच स्टुलावर बसून सासरचं नि माहेरचं सगळं खानदान आमच्यासमोर सोलते. ते ऐकायला मी तासभर आधी येतो. बार उघडण्यापूर्वी पहिला पेला, बिनरमचा, डॉक्टर दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवतो.

त्या शनिवारी संध्याकाळीच त्याने आत्याला फोन करून आभार मानले होते. सगळी हकीकत ऐकून म्हातारी म्हणाली, "जावईबापू, तोंडाची चव गेली तेव्हा कुठे तुम्हाला माझी कळली!"