डोळे मिटलेला फोटो

लोककथा हिंडून गोळा कराव्या लागतात, असा माझा समज होता. चिंचवड गावठाणातल्या हुसेनभाईंच्या फोटो स्टुडिओत बाकावर बसू लागलो आणि तो मोडला. तिथे त्या आपल्या पायांनी चालत येतात!

त्या काळी पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. फोटोत गिऱ्हाईक हाती काय धरते, हे मी निरखीत असे. फुलदाणी, घड्याळ, जाड पुस्तक ही वैभवाची चिन्हे. थकव्यालाही चिन्हे असतात हे उमगले, तेव्हा मात्र मी हादरलो.

*

कोकणातून आलेल्या एका कामगाराला आईकडे फोटो पाठवायचा होता. हुसेनभाईंनी पुढे केलेली फुलदाणी त्याने बाजूला सारली आणि दोन्ही सोललेले तळवे कॅमेऱ्यासमोर धरले.

"अहो, चेहरा झाकला गेला!"

"तोंड खोटा बोलता. हातांचो फोटो काढा!"

*

एक शाळामास्तर विझलेला कंदील घेऊन आले.

"पेटवून देऊ?"

"नको. हा कंदील म्हणजे मीच."

हुसेनभाई गंभीरपणे म्हणाले, "मग काच तरी पुसून घ्या, मास्तर!"

*

चाकणकडची सरूबाई नवऱ्यासोबत आली, तो दिवस मात्र मी विसरू शकत नाही. नवरा रात्रपाळी करून थेट आलेला. ती खुर्चीत बसली, तो शेजारी उभा राहिला.

"माजा निजल्याला फोटू काढा," ती म्हणाली.

आम्ही तिघेही चरकलो. मिटल्या डोळ्यांचा फोटो फक्त मयताचा काढीत!

"आगं, जित्या बाईचा?" नवरा ओरडला.

"लगीन झाल्यापास्नं मला निजल्याली कुनी बघितलीया? तुमी तरी?"

तिने डोळे मिटले. हुसेनभाई काळ्या कापडाखाली शिरले. "हलू नका!"

फोटो निघाला. तरी ती हलेना. मान कलली, श्वास संथ झाला. बाई खरोखरच झोपली होती!

नवऱ्याने तिला उठवायला हात पुढे केला.

"हलायचं नाही म्हणालो ना? फोटो चालू आहे!" हुसेनभाई दबक्या आवाजात गरजले. फोटो टिपलेली काच तर कॅमेऱ्यातून निघून त्यांच्या हातातच होती. मला ती स्पष्ट दिसत होती.

नवरा ताठ उभा राहिला. बाहेर गिऱ्हाइके खोळंबली. दुपार कलली.

अखेर ओठ न हलवता नवरा पुटपुटला,

"हुसेनभाई, म्या बी डोळं मिटलं तर चालंल का?"