कॅनमधले ऊन पाणी

देवळाली कॅम्पातील लियाकत मणियार यांनी पस्तीस वर्षे बोअरच्या गाडीवर काढली. जमिनीतून थंड पाणी काढणे हा त्यांचा व्यवसाय; पण मनात घर करून राहिले ते एकच छिद्र, ज्यातून ऊन पाणी आले होते.

सत्तावीस वर्षांपूर्वीचा तो डिसेंबर. हरसूलच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या बहिरू नावाच्या शेतकऱ्याच्या भातखाचरात चारशे फुटांवर पाणी लागले. वाफ पाहताच बहिरू मागे सरकला.

"लियाकतभाई, ह्या पाण्यात भात शिजंल, उगवायचा नाय!"

बोअर फेल गेली. अशा बोअरचे केसिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून उतरवलेले लोखंडी पाइप, उपसून गाडीवर परत चढवायचे, हा धंद्याचा रिवाज. लियाकतभाईंनी तो पाळला. ते पाइप पुढे चांदवडला कुणाच्या कांद्याच्या शेतात उतरले. निघताना मात्र त्यांनी वीस लिटरचा एक कॅन भरला, गोणपाटात गुंडाळला आणि घरी नेला. पत्नी हाजराने पाण्यात बोट बुडवले आणि हसून म्हणाली, "ये तो अपने नल का पानी है, मियाँ."

"मग चल, तिथंच नेऊन दाखवतो."

ते नेणे कधी झाले नाही. आधी हंगाम आडवे आले, मग मुलीची शाळा. आणि सहा वर्षांपूर्वी हाजराच गेली.

यंदा भूगर्भातील उष्णतेचा शोध घेणारे एक पथक त्या भागात आले. पथकातील भूवैज्ञानिक पूजा जुन्या बोअरवाल्यांना गाठून गरम पाण्याच्या जागा विचारत होती. लियाकतभाई आपण होऊन निघाले. ते पाणी एकदा पुन्हा वर आलेले पाहावे, एवढेच त्यांना हवे होते.

जागा सापडली. पूजाने केबलला बांधलेला तापमापक खाली सोडला. तो तीस फुटांवर अडला.

"चाचा, खाली सगळं ढासळलंय. एवढ्या वर फक्त ऋतूंचा ऊन-गारवा कळतो. केसिंग असतं तर तळापर्यंत गेलो असतो."

"पाइप चांदवडला अन् भोक आमच्याकडं," बहिरू बांधावरून म्हणाला. "लय हुशार कारागीर हाय आमचा!"

पूजाने पाहणीचा फॉर्म काढला. "पाणी किती गरम होतं?"

"हात ठेववत नव्हता."

"असं सगळेच सांगतात, चाचा. घरी पोचेपर्यंत किती उरलं होतं?"

"दहाला भरलं, पाचला पोचलो. आणि..." ते थांबले. खोटे बोलावेसे वाटत नव्हते. खरे सांगितले तर ही जागा यादीतून गळणार होती. "आमच्या घरच्या म्हणाल्या, नळाचं पाणी आहे."

पूजाचे पेन कागदावर टेकले, आणि त्याच क्षणी त्यांना त्या संध्याकाळचा उरलेला भाग आठवला. ते उंबऱ्यावर चहा घेत होते. आत हाजराने तो कॅन घमेल्यात ओतला आणि चार महिन्यांच्या लेकीला, फलकला, त्यातच न्हाऊ घातले. स्टोव्ह पेटलेला नव्हता. पुढे भर मे महिन्यातही पाणी तापवल्याशिवाय लेकीच्या अंगावर न घालणारी ती बाई.

लियाकतभाई बांधावर बसले.

"लिहू नका, बेटी. ऊनच होतं. ती माझी मस्करी करत होती."

पूजाने सगळे ऐकून घेतले आणि 'स्थानिक माहिती' या रकान्यात लिहिले: गोणपाटात गुंडाळलेला कॅन, सात तास, डिसेंबर, तरीही तान्ह्या मुलीच्या अंघोळीइतके ऊन. खाली शिफारस केली: येथे नवे छिद्र घ्यावे.

"मंजुरीला दोन वर्षं तरी लागतील, चाचा."

हाजराला ते पाणी दाखवायचे राहून गेले, असे इतकी वर्षे ते समजत होते. तिने ते केव्हाच ओळखले होते. राहून गेले होते ते तिच्या मस्करीवर दोघांनी मिळून हसणे.

उठताना त्यांनी छिद्राच्या तोंडावरचा पाला हाताने बाजूला केला आणि तळवा तिथे थोडा वेळ तसाच धरला.

"पाणी लागो, न लागो," ते पूजाला म्हणाले, "या वेळी पाइप काढू देऊ नका."