बाबूजी गोल झाले

ढीग घसरला तेव्हा बाबूजींचा फक्त उजवा हात बाहेर राहिला. हातात खडू होता. बाकीचे बाबूजी सरकीखाली.

मीही कमरेपर्यंत गाडली गेले होते. हलता येईना. कमल टोपलं घेऊन गोदामाच्या दारात उभी होती, नुसती तोंड उघडं टाकून. मी ओरडले, "बघतेस काय? पळ, मुनीमजीला सांग!" ती पळाली. मी त्या खडूकडे बघत राहिले. खडू हलत होता, म्हणजे माणूस जिवंत होता.

बाबूजी आमच्या जिनिंगमध्ये काट्यावर बसत. जिनिंगमध्ये कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढतात. कापसाचा ट्रॅक्टर आला की वजन करायचं आणि पाटीवर खडूनं लिहायचं, हे त्यांचं काम. मी आणि कमल सरकीची टोपली गोदामात रिकामी करायचो.

"वजन कुणाचं ऐकत नाही," हे त्यांचं वाक्य. शेतकरी म्हणाला, बाबूजी, जरा जास्त लिहा, तरी हेच. सेठ म्हणाले, जरा कमी लिहा, तरी हेच. त्यामुळे दोघंही त्यांच्यावर नाराज असत. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. खरा असतो, पण डोकं खातो.

एकदा खकनारकडचा एक शेतकरी रांगेत कंटाळून म्हणाला, "बाबूजी, चंद्र गोल, सूर्य गोल, पृथ्वी गोल. एखादा चौकोनी काहून नाही?" त्या दिवशी बाबूजींनी डबा तसाच घरी नेला. आठ दिवसांनी कुठून तरी उत्तर शिकून आले आणि तेव्हापासून आमचे हाल सुरू झाले. ट्रॅक्टरवाल्यांचे जास्त. वजन झाल्याशिवाय ते जाणार कुठे?

"लहान दगड वाकडा राहू शकतो," बाबूजी सांगत. "त्याचं वजन ते किती! पण दगड वाढत वाढत पृथ्वीएवढा झाला, की त्याचंच वजन त्याला दाबतं. सगळ्या बाजूंनी, मधल्या बिंदूकडे. जे वर आलेलं असेल ते खाली बसतं, खड्डा असेल तो भरतो. शेवटी सगळ्या बाजू मध्यापासून सारख्या लांब. म्हणजे काय झालं?"

"तुमचं पोट झालं," मी म्हटलं.

"बरोबर! एकदम बरोबर, ताई!"

त्यांना टोमणा लागत नसे. ते त्याचं उदाहरण करत. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पोटावर हात ठेवून तेच सांगायचे. पृथ्वी अगदी गोल नाही, स्वतःभोवती फिरते म्हणून कमरेला जरा फुगली आहे, असंही म्हणाले. मी म्हटलं, पोरं झाल्यावर सगळ्यांचंच होतं. तेसुद्धा त्यांनी खकनारवाल्यांना सांगितलं, माझ्या नावानिशी.

ढीग घसरला त्या दिवशी मात्र मी भांडायलाच बसले होते. मी चौथी शिकलेली, पण डोळे आहेत ना. म्हटलं, "सगळं खाली बसतं तर मग असीरगडाचा डोंगर कसा उभा आहे?"

"असीरगड म्हणजे पृथ्वीच्या मानानं भाकरीवरचा फोड, ताई. तेवढा चालतो. पण डोंगरालाही हद्द आहे. फार उंच झाला तर त्याचा पाया त्याला पेलत नाही. चला, दाखवतो."

काटा सोडून ते आमच्यामागे गोदामात आले. सरकीचा ढीग भिंतीला लागून होता. विकायची सरकी खालूनच टोपल्यांनी काढून काढून आम्ही तो पुढून कड्यासारखा उभा केला होता. सरकीला बारीक कापूस चिकटलेला असतो, म्हणून ती एकमेकींना धरून राहते. बाबूजींनी हात उंच करून भिंतीवर खडूची रेघ ओढली.

"याच्यावर ढीग जाणार नाही. वजन कुणाचं ऐकत नाही."

"माझं ऐकतं," मी म्हटलं. भरलेलं टोपलं डोक्यावर घेतलं, बाजूनं वर चढले आणि रेघेच्या वर ओतलं. सरकी राहिली. "बघा! राहिली की!"

बाबूजी नीट बघायला ढिगाच्या अगदी पायाशी आले. मी अजून हसतच होते, तेवढ्यात पायाखालचं सगळं निघालं.

आता कमलचं ऐका. ती ऑफिसात पोचली तेव्हा मुनीमजी चहा पीत होते. ही धापा टाकत म्हणाली, "मुनीमजी, बाबूजी गोल हो गए!"

आमच्या बुऱ्हाणपुरात गोल होणे म्हणजे गायब होणे, काम सोडून सटकणे. कमलला म्हणायचं होतं की दिसेनासे झाले. मुनीमजी म्हणाले, "वो तो रोज होते हैं. आ जाएंगे." आणि बशीत चहा ओतला.

"नहीं जी, पूरे गोल हो गए!"

"तो आधे दिन की छुट्टी लिख दो."

इकडे खडू हलायचा थांबला. मग बोटं सुटली आणि खडू खाली पडला. मी आयुष्यात फार देव देव केलेलं नाही. त्या वेळी काय काय बोलले ते सांगणार नाही, पण त्यातलं निम्मं देवाला होतं आणि निम्मं बाबूजींना शिव्या.

तिकडे कमल शेवटी रडतच ओरडली, "सरकी में! मावशी भी आधी गोल है!" मावशी म्हणजे मी. तेव्हा कुठे मुनीमजींच्या हातून बशी पडली. ते धावले, त्यांच्यामागे रांगेतले ट्रॅक्टरवाले. एकानं फावडं उचललं. मी किंचाळले, "डोकं फोडशील त्यांचं! हातानं काढा!" खकनारवाला तो शेतकरीही त्यांत होता. ज्याच्या प्रश्नामुळे हे सगळं झालं, तोच सगळ्यात जोरात उपसत होता.

तोंड मोकळं झालं तेव्हा बाबूजी निळे पडले होते. पाठीत दोन बुक्के बसल्यावर खोकले, सरकी थुंकले, चष्म्यासाठी चाचपडले. चष्मा नव्हता. डोळे बारीक करून भिंतीकडे बघितलं. ढीग रेघेच्या हातभर खाली बसला होता.

"राहिली का, ताई?" म्हणाले.

मी म्हटलं, "नाही राहिली, मेल्या." एवढ्या वर्षांत मी त्यांना एकदाच मेल्या म्हटलं.

बाबूजी गेल्या थंडीत गेले. शुगरनं, घरी, खाटेवर. मी भेटायला गेले होते तेव्हा पोट पार गेलेलं, मूठभर माणूस उरला होता. त्यांच्याच हिशोबानं आता त्यांना लहान दगडासारखं वाकडं राहायला मोकळीक होती. पण वाकडं होणं काही जमलं नाही त्यांना.

जिनिंगमध्ये नवा काटेवाला आला आहे. कमल सांगते, सेठ त्याच्यावर खूश आहेत. गोदामातली रेघ अजून आहे, आणि ढीग तिच्यावर जाऊ देत नाहीत.

त्या दिवशी ढिगाखाली दोघं गेलो, बाबूजी आणि मी. दोघंही जिवंत निघालो.