सोडून दिलेला अर्धा

प्रज्ञेश मेश्राम मूळचा नागपूरचा. वाघोलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवायचा. म्हणजे जूनमध्ये पुन्हा बोलावलं तर नोकरी, नाहीतर राम राम. माणूस सरळ, पण गणिताचा भारी अभिमान. बस उशिरा आली तरी थांब्यावरच्या लोकांना त्याची शक्यता समजावून सांगायचा. अशा माणसाला जेवायला तरी कोण बोलावणार?

चाचणीत त्याच्या वर्गातल्या सोनाली आणि सृष्टी या दोघींच्या सात-सात चुका निघाल्या, आणि सातही हुबेहूब एकच. प्रज्ञेशचं डोकंच सणकलं. परीक्षा समितीपुढे त्यानं फळ्यावर द्विपद वितरण, म्हणजे योगायोग मोजायचं गणित, मांडलं. प्रत्येक प्रश्नाला चुकीचे पर्याय तीन, म्हणजे एक चूक जुळायची शक्यता एक तृतीयांश. सातही योगायोगानं जुळायची दोन हजारांत एकसुद्धा नाही. दोघी समोरच उभ्या होत्या. कॉपी ठरली तर वर्ष गेलं, असं सांगून समितीनं त्यांना काय ते खरं सांगायला उद्यापर्यंत मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्रश्नपत्रिका पुन्हा चाळली. चुकलेले सातही प्रश्न एकाच धड्यावरचे. नाणं पुष्कळदा उडवलं, की छापे मोजायचं किचकट गणित सोडून घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्रावर भागवता येतं. फक्त मोजणीवरून वक्रावर येताना अर्धा धरायचा. 'दहा किंवा जास्त छापे' म्हटलं, की साडेनऊपासून पुढे. तो तास गॅदरिंगच्या दिवसांत आला होता. अख्खा वर्ग तालमीला पळालेला, समोर या दोघीच. चिडून त्यानं धडा उरकला आणि वर म्हणाला होता, अर्ध्यानं काय आभाळ कोसळतंय, सोडा तो. पोरींनी सोडला. बाकीचे खासगी क्लासच्या नोट्समधून बरोबर शिकले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच! फळ्यावर त्यानं धरलं होतं, चुका म्हणे एकमेकींपासून स्वतंत्र. अरे, शिकवणारा एकच, मग चुका वेगळ्या येणार कुठून?

तो तडक परीक्षाप्रमुख तेजस्विनी मॅडमकडे गेला. वाटेत जून आठवला, तरी सगळं सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला.

"सर, तुमचा अर्धा राहिला म्हणून आम्ही अख्खा निकाल फिरवायचा? सृष्टीच्या कागदात बघितलं, असं सोनालीनं सकाळीच कबूल केलंय."

प्रज्ञेश तसाच तिला शोधायला निघाला. सोनाली त्याला नगर रस्त्याच्या थांब्यावर सापडली. डोळे सुजलेले होते. तू खरंच बघितलंस का, एवढंच त्यानं विचारलं.

"आठवत नाही, सर. पण तुम्ही फळ्यावर करून दाखवलंत ना. म्हटलं, सरांचं गणित चुकायचं नाही, माझीच नजर गेली असेल."

आणि वर तिनंच त्याची माफी मागितली.