पंखांची होडी आणि सर्वपित्री अमावास्या

माणसाची खरी प्रगती पाण्याला न टेकता पाण्यावरून जाण्यात आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या ओटीवर, आणि बोलणाऱ्याच्या मिशीला शिरा लागलेला होता.

गृहस्थ माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला आले होते. वय चाळिशीचं, पहिली बायको वारलेली, काही वर्षं विलायतेत काढलेली. तिथे काय शिकले ते कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. बहिणीला त्यांनी एकही प्रश्न केला नाही. खिशातून एका विलायती मासिकाचं पान काढून वडिलांपुढे धरलं. होडीच्या पोटाखाली शिडीच्या पायऱ्यांसारख्या पोलादी पट्ट्या. वेग आला की पाणी त्या पट्ट्यांना वर ढकलतं आणि सबंध होडी पाण्याबाहेर उचलली जाते.

"पंखच आहेत हे, पण पाण्यातले," ते म्हणाले. चित्रातल्या होडीला मोटार होती. हे तेच शिडावर करून दाखवणार होते.

वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवत. वेगापेक्षा वेगाचं इंग्रजी वर्णन त्यांना जास्त भावे. दसऱ्याला साखरपुडा करायचं ठरलं. बहीण आत जाऊन शिऱ्याच्या ताटल्या घासत बसली, स्वच्छ झाल्यावरही.

होडी तयार झाली तेव्हा भाद्रपद संपत आला होता. गोदावरीला पाणी होतं, वारा होता, आणि बघ्यांची सोय आयतीच होती, कारण गृहस्थांनी दिवस निवडला सर्वपित्री अमावास्येचा. वडील चाचरत म्हणाले, "पितृपक्ष आहे."

"सायन्सला पितृपक्ष नसतो."

सायन्सला नसेल, नदीला असतो. त्या दिवशी गावोगावचे पूर्वज रामकुंडावर एकदम जेवायला येतात आणि उष्टं नदीत जातं.

होडी कुंडाच्या खालच्या अंगाला सोडली. शिडाची दोरी धरायला दुसरा माणूस हवा होता, आणि मी मुलीचा भाऊ, म्हणजे फुकटचा. आई आणि बहीण घाटावर उभ्या होत्या. शीड फुगलं. खरं ते सांगायला हवं: क्षणभर होडी उचलली गेली. पाण्याचा खळखळाट थांबला आणि त्या माणसाचं म्हणणं मलाही पटलं. मग मागून कुणी धोतर धरून ओढावं तशी ती अडखळली आणि धपकन बसली.

"वाकून बघ रे."

मी वाकलो. त्या पोलादी पायऱ्यांनी फणीचं काम चोख केलं होतं. झेंडू, पत्रावळी, द्रोण, पिंडांच्या भाताचे लगदे, कुणा मेलेल्याचं धोतर, आणि केस.

"काढ ते."

"तुम्हीही हात लावा ना. लवकर होईल."

"मी?" ते मोठ्याने हसले. "अरे, मुलीकडचा तू आहेस!"

मी काढू लागलो. भात बोटांतून निसटे आणि नखांत बसे. धोतर निघालं. पुरुषांच्या केसांचे तुकडे गाळासारखे हाताला आले. त्याखाली मात्र एक जुडगा होता, लांबच लांब, अजून तेलकट. ओढत गेलो तरी संपेना. विधवेचं डोकं करायला न्हावी घाटावर कुठे बसतो, हे नाशिकात कुणाला सांगावं लागत नसे. त्या जुडग्यात एकही पांढरा केस नव्हता. मला ओकारी आली.

"शी! होडीत नको. आणि आधी हात धू, मग शिडाला लाव. विलायती कापड आहे ते."

"कशात धुऊ?"

त्यांनी नदीकडे बोट दाखवलं.

घरी आल्या आल्या वडिलांनी विचारलं, "उचलली गेली?"

"गेली. क्षणभर."

"वा!"

वडिलांसमोर कधी तोंड न उघडणारी बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "दादा, तू काढलेस ते केस केवढे होते?"

मी स्वतःच्या कमरेखाली हात लावून दाखवला. तिची वेणी तेवढीच होती.

"हे गृहस्थ असेच एक दिवस बुडतील," ती म्हणाली. "नाही बुडाले तरी माझ्या आधीच जातील. मग माझे केस कुणाच्या होडीत अडकायचे? तेही तूच काढशील ना? मुलीकडचा तू. पाण्यावरून आवाज लांबवर येतो, दादा."

वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि वडिलांनी निरोप धाडला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती. सायन्सवाला माणूस या कारणावर वाद घालणार नाही, असा त्यांचा अंदाज होता.

संध्याकाळी त्या गृहस्थांचा माणूस उलट निरोप घेऊन आला. साहेबांनी मुलीची जन्मवेळ शेजारून काढून पंचवटीतल्या दोन जोशांना केव्हाच दाखवली होती. एकतीस गुण जुळत होते.

"मग बत्तिसावा जुळत नसेल," वडील म्हणाले.

त्या माणसाला चहा दिला आणि लग्न मोडलं.